तीनच्या भोंग्याची जागा

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं असत. एक सगळ्यांकडे असतं ते, तिथी, सण, सूर्योदय आणि पाठीमागे भरल्या वांग्यांची कृती असलेलं. दुसरं मास्तरांचं. त्यावर एखादी देवी, तिच्या पायाशी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कुठल्यातरी कापडदुकानाचं नाव आणि खाली महिन्याच्या चौकटी. रविवार काळा आणि शुक्रवार लाल, कारण विजेच्या वाटणीपायी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असे. दर महिन्याच्या एका शुक्रवारात बारीक अक्षरांत छापलेलं असे : 'पियानो. जर्मन बुवांचा सोनाटा. दुपारी अडीच. चहा शेवटी.' पुढच्या महिन्यात : 'पियानो. अमेरिकन गाणी. दुपारी अडीच. चहा शेवटी.'

अंबरनाथमध्ये पियानोच्या कार्यक्रमांचं वर्षाचं कॅलेंडर छापून घेणारा माणूस होता, हे मी आज कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात. मी त्यांना दोष देत नाही. मी त्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष भाग घेत असे हे सांगितल्यावर तर ते उठूनच जातात.

पहिल्या वर्षी आईने ते कॅलेंडर देवीमुळे भिंतीला लावलं. एका शुक्रवारी सकाळी तिने मला जरा दबकतच विचारलं, "आजच्या सोनाट्याला मीठ चालतं का रे?" कॅलेंडरात ज्या जागी एकादशी, संकष्टी छापतात तिथेच सोनाटा छापलेला. तिला वाटलं, नवीन काहीतरी निघालंय, आपल्याकडून राहायला नको. मी पोट धरून हसलो आणि दुपारी कार्यक्रमाला आलेल्या ऑफिसातल्या सगळ्यांना ते रंगवून सांगितलं. सगळे हसले. मग आमचा हेडक्लार्क गंभीर होऊन म्हणाला, "पण चालतं का? आमच्याकडे सकाळपासून भगर शिजतेय."

मास्तर कुणाचेच मास्तर नव्हते. माझ्याच कंपनीत, म्हणजे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, ते प्रयोगशाळेत केमिस्ट होते. या महिन्यात कुठला रंग निघतोय हे त्यांच्या नखांवरून कळे. उंच, किडकिडीत, पँट पोटाच्या बऱ्याच वर बांधलेली आणि खिशात कायम एक पाना. त्या पान्याबद्दल पुढे सांगतो. वडिलांनी दीक्षा घेतलेली, घरात दारासमोर बुद्धाची तसबीर. पण मुलगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला नगरकडच्या एका मिशनच्या वसतिगृहात ठेवला होता. तिथे एक अमेरिकन बाई होत्या. त्या सकाळी मुलांना जर्मन बुवा शिकवत आणि संध्याकाळी आपल्या देशाची गाणी. मास्तरांनी तेच वेळापत्रक ताणून वर्षाचं केलं : एक महिना जर्मन, एक महिना अमेरिकन.

बुवांची नावं ते कधी घेत नसत. 'थोरले बुवा', 'बहिरे बुवा', 'आजारी बुवा' असं म्हणत. जसे काही सगळे मागच्या गल्लीत राहतात. अमेरिकन गाण्यांना मात्र बुवा नव्हते. ती कापूस वेचणाऱ्या गुलामांची, आगगाडीचे रूळ टाकणाऱ्यांची. एकदा मी शहाणपणा करून विचारलं, "मास्तर, हे आपल्या लोकांना कसं कळणार?" पियानोचं झाकण पुसता पुसता ते म्हणाले, "हे आपल्याच लोकांचं आहे. शेत दुसऱ्याचं, मालक दुसरा, गाणं तेवढं स्वतःचं." त्यावर मी फडकं घेऊन पियानोची दुसरी बाजू पुसायला लागलो.

पियानो त्या मिशनच्या शाळेतूनच आलेला. शाळेने तो काढून टाकला आणि मास्तरांनी तो ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांबरोबर आणला. पुढच्या खोलीत तो बसला आणि कपाट, पलंग, शिवणाचं मशीन हे सगळं मागच्या खोलीत एकावर एक चढलं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, फार शांत बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "सवत आणली असती तर निदान पाणी भरायला हात लागला असता." पण कार्यक्रमाच्या शुक्रवारी सतरंज्या त्याच घालत आणि चहाचं आधणही त्याच ठेवत. 'चहा शेवटी' ही कॅलेंडरातली अट मास्तरांची. आधी दिला तर कोण बसणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

श्रोत्यांना त्यांचा एकच नियम होता. मध्ये बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी एका लेथवाल्याने सवयीने मोठ्यांदा "वाहवा!" केलं. मास्तर थांबले. वळून त्याच्याकडे पाहिलं आणि अख्खी चीज पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्यांदा कुणीतरी "क्या बात है" म्हणालं, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून मास्तरांच्या मैफलीत स्तुतीची फार भीती असे. एखाद्याचं तोंड उघडताना दिसलं की शेजारचा त्याचा गुडघा दाबायचा.

आता माझा सहभाग. मी कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, म्हणजे कोण किती वाजता आला हे लिहिणं आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली देणं. लहानपणी मी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्यांतली एक पास झालो होतो. हे मी मास्तरांना अशा थाटात सांगितलं की त्यांनी मला पानं उलटायला नेमलं. पियानोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून शेजारी एक जाणकार उभा राहतो आणि वेळेवर पान उलटतो. यात 'जाणकार' या शब्दाने घोटाळा केला. मला ते स्वरलेखन म्हणजे तारेवर बसलेले कावळे दिसत. मास्तर म्हणाले, "मी मान हलवीन, तेव्हा उलट." पण मास्तरांची मान कधी हलत नसे? पहिल्याच कार्यक्रमात बहिऱ्या बुवांना मी दोन मिनिटांत शेवटच्या पानावर पोचवलं.

मास्तर वाजवतच राहिले. नंतर मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "असू दे. तुला घाई दिसली, तुझी गाडी असेल." माझं घर तिथून चालत पाच मिनिटांवर होतं.

तरीही त्यांनी मला काढलं नाही, आणि मी तर या कामासाठी कॅम्प दोनमधून काळा कोट घेतला. आत शिवलेल्या चिठ्ठीवर परदेशी गावाचं नाव होतं. कोट शिवणारा समोरच बसला होता आणि तशाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर होता, पण मला तेव्हा ते दिसलं नाही. एक बाही आखूड होती. मी पान उलटायला हात पुढे केला की मनगटापासून कोपरापर्यंत सगळा दिसे. लोक पियानो ऐकत आणि माझा हात बघत.

कॅलेंडर छापणारे सिंधी साईंही कॅम्प दोनचेच. त्यांचा छोटा छापखाना होता आणि दुकानांनी न उचललेली देवीची चित्रं त्यांच्याकडे पडून असत. दर वर्षी मास्तर मजकूर घेऊन जात, सोबत मी, कारण मला वाटे की माझ्यामुळे भारदस्तपणा येतो. साईं चष्मा वर करून वाचत. "मास्टर साहब, ये अमेरिकन म्यूझिक... इधर ही बनता है क्या?" त्यांचा प्रश्न रास्त होता. अमेरिकन म्हणून जे जे आम्ही तोवर वापरलं होतं, ते सगळं कॅम्प दोनमध्येच बनलं होतं. मास्तर म्हणाले, "बनतं तिकडे. दुरुस्ती इकडे होते." साईंनी समाधानाने मान डोलावली. दुरुस्ती हा त्यांच्या ओळखीचा धंदा होता.

दुरुस्तीचं मास्तरांनी खोटं सांगितलं नव्हतं. पियानो सुरात लावणारा कारागीर मुंबईत राहायचा आणि अंबरनाथ म्हटलं की त्याला काहीतरी दुसरं काम निघायचं. शेवटी मास्तरांनी पाना घेतला आणि स्वतःच तारा पिळल्या. सूर कुठून घ्यायचा हा प्रश्न आला, तो त्यांनी कंपनीच्या भोंग्यावरून सोडवला. आमचा भोंगा वाफेवर चालणारा, दणदणीत, सात, तीन आणि अकराला वाजणारा. काही विभाग सुट्टीतही बंद होत नसत, त्यामुळे तो शुक्रवारीही वाजे. मास्तर पियानोशी तयार बसत आणि भोंगा झाला की त्याच्यावरून एक पट्टी लावत, मग तिच्यावरून बाकीच्या.

एकदा मुंबईच्या एक जाणकार बाई कुणाच्यातरी ओळखीने ऐकायला आल्या. पर्समध्ये सूर तपासायचा लोखंडी काटा होता. चहाच्या वेळी त्यांनी तो गुडघ्यावर आपटून पियानोशी धरला आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा सगळाच पियानो उतरलाय." मास्तरांनी काटा हातात घेतला, कानाशी धरला आणि अदबीने परत दिला. "काटा चांगला आहे. मुंबईला चालेल. इथे सगळं गाव या सुरात कामाला जातं." बाई पुन्हा आल्या नाहीत. मी मात्र त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो आणि वाटेत उतरलेल्या सुरांवर बरंच बोललो. त्या सारखं घड्याळ बघत होत्या.

या सगळ्यात मास्तरांना खरं काय हवं होतं, ते डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी छापलेलं असे : 'स्वतःची रचना.' मास्तर स्वतः रचतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं तुकडे ऐकू येत. पण तो शुक्रवार आला की ते दुसरंच काही वाजवत आणि म्हणत, "अजून बसलेलं नाही." एकदा वहिनींनीच मला सांगितलं, "आयुष्यभर दुसऱ्यांचं वाजवलं. एकदा यांचं स्वतःचं वाजलं लोकांसमोर की मी सुटले." हसत सांगितलं, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

अडचण अशी होती की त्या रचनेत भोंगा होता. एका जागी पियानो थांबतो, तीनचा भोंगा वाजतो आणि तो संपता संपता पियानो त्याचाच सूर उचलून पुढे जातो. कागदावर त्या जागी मास्तरांनी फक्त 'भोंगा' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे अशा हिशेबाने सुरू करायचं की त्या जागी पोचताना बरोबर तीन वाजलेले असतील. भोंगा ओढायचा भोईर, बॉयलरवरचा कामगार, चामटोलीहून सायकलने येणारा. तो टाइम ऑफिसच्या घड्याळाकडे बघून साखळी ओढायचा, आणि ते घड्याळ माझ्या ताब्यात. त्या अर्थाने रचनेतलं निम्मं वादन माझ्याकडे होतं, असं मी लोकांना सांगत असे.

एका वर्षी मास्तरांनी मनावर घेतलं. महिनाभर रजा काढून रोज तीनच्या भोंग्याशी ताळा घेतला. रचना बसली. मला आनंद झाला आणि मदत करायची ऊर्मी आली. आमचं घड्याळ कायम थोडं मागे असे. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला चुकीचं घड्याळ बरं दिसत नाही, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी ते रेडिओच्या वेळेवर अगदी बरोबर लावलं. मास्तरांनी सगळा सराव मागे पडलेल्या घड्याळावर केला होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शुक्रवारी पियानो ऐन रंगात असताना भोंगा वाजला. मास्तरांचे हात पट्ट्यांवरच राहिले. भोंगा संपला, त्यांनी शांतपणे झाकण लावलं आणि वहिनींना म्हणाले, "चहा आण." दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात आले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज बरोबर आहे. तू पुन्हा चुकीचं कर, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात छापलं : 'स्वतःची रचना. पियानो आणि भोंगा.' आपल्या भोंग्याचं नाव छापून आलं म्हणून कंपनीतल्या लोकांनी त्या साली कॅलेंडरं मागून नेली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कंपनी बंद झाली. आधी कुणकुण होतीच, पण कुणकुण दर वर्षी असे. एका सकाळी पहिल्या पाळीचे लोक पोचले तर गेटला कुलूप आणि बाहेर नोटीस. बॉयलर रात्रीच विझवला होता. सातचा भोंगा झाला नाही म्हणून गावात कित्येकांना उठायला उशीर झाला आणि धावत गेटवर पोचल्यावर त्यांना कळलं की उशीर झालेला नाही.

मास्तरांची नोकरी गेली, माझी गेली, सगळ्यांचीच गेली. मला वाटलं, कॅलेंडरही आता संपलं. पण मास्तर म्हणाले, "छापलंय. म्हणजे होणार." मी पुन्हा मदतीला धावलो. काही शिकलो नव्हतो. प्रथम शंख आणला. मग एका ट्रकवाल्याचा हॉर्न. मग कॅम्प दोनमधून टेपरेकॉर्डर आणून दुसऱ्या एका कारखान्याचा भोंगा कॅसेटवर भरून घेतला आणि मोठ्या ऐटीत मास्तरांना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. "चांगला आहे. पण हा त्यांच्या लोकांना बोलावतोय."

"मग त्या जागी काय करणार?"

"थांबणार."

"किती वेळ?"

यावर ते पहिल्यांदाच गडबडलेले दिसले. "तेच कळत नाही रे. इतकी वर्षं ऐकला, पण तो किती वेळ वाजतो हे मला ठाऊक नाही. तो संपला की कळायचं, संपला."

शेवटच्या शुक्रवारी खोली कधी नव्हे एवढी भरली. कुणालाच कामाला जायचं नव्हतं. लेथवाला आला, हेडक्लार्क आला, साईं आले आणि दाराजवळ भोईर येऊन बसला. इतक्या वर्षांत तो एकदाही आला नव्हता. कार्यक्रमाच्या वेळी तो कायम साखळीपाशी असायचा. मी कोट घालून उभा राहिलो. मास्तरांनी नखं स्वच्छ केली होती. रंग नसलेली त्यांची नखं मी त्या दिवशी प्रथम पाहिली आणि मला उगाचच भरून आलं.

ती रचना कशी होती हे सांगायची माझी लायकी नाही. थोडं बुवांसारखं होतं, थोडं त्या कापसाच्या शेतातल्यासारखं, आणि एक तुकडा तर सरळ पहिल्या पाळीला निघालेल्या सायकलींसारखा खडखडत गेला. लोक हलत नव्हते. मग ती जागा आली. मास्तरांनी हात उचलले आणि थांबले.

खोलीत काहीही वाजत नव्हतं. हात हवेत तसेच. थोडा वेळ बरं वाटलं, मग अवघड वाटू लागलं. कुणीतरी खाकरलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. परत कधी सुरू करायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांची नजर पियानोवरून सुटली आणि माणसांवरून फिरू लागली. मला वाटलं, आता झाकण लागणार. हेही राहणार.

दाराजवळ भोईर उभा राहिला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. उजवा हात डोक्याच्या वर नेला, मूठ वळली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून खाली ओढली. आणि तशीच धरून ठेवली. दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या. आमच्यापैकी एकानेही मान वळवली नाही, एकही हसला नाही. ओळीने बसलेली ती नोकरी गेलेली माणसं खाली बघत भोंगा ऐकत होती. मीही ऐकला. खोटं सांगत नाही, पोटात नेहमी बसायचा तसाच हादरा बसला.

भोईरने मूठ सैल केली आणि हात हळूहळू वर जाऊ दिला. मास्तरांचे हात पट्ट्यांवर आले. ते शेवटपर्यंत वाजवत गेले आणि संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळेच नाक पुसत होते.

वहिनींनी चहा आणला. पदराने डोळे पुसत त्यांनी पहिला कप नवऱ्याला दिला. एरवी तो नेहमी शेवटचा असे. मास्तर तो कप घेऊन उठले आणि भोईरकडे गेले. भोईर ओशाळून उभा राहिला.

"येल चुकली काय वं मास्तर? समोर घड्याल नव्हता."

"नाही भोईर, अगदी वेळेवर वाजला."

भोईरने कप दोन्ही हातांत धरला. "मंग बरा झाला," तो म्हणाला. "त्या दिसाला गेटावरनंच परत धाडला ना आमाला. शेवटचा वाजवायचा र्‍हायला व्हता."